रीळ की राळ?

सिनेमाचं मासिक वाचणारे थोडे आणि त्याचं मुखपृष्ठ बघणारे फार. आमच्या लहानपणी सलूनमध्ये जी सिनेमाची मासिकं असत, त्यांना मुखपृष्ठ नावाची वस्तूच नसे. ते कधीच फाडून आरशाशेजारी भिंतीवर चिकटवलेलं असे. मजकूर बाकावर आणि मुखपृष्ठ भिंतीवर, असा तो फारकत घेतलेला संसार. गिऱ्हाइकांची नजर कुठे असे, ते सांगायला नको. कारागिराला दर दोन मिनिटांनी "साहेब, मान खाली" म्हणावं लागे, ते उगाच नव्हे.

या भिंतीवरच्या विद्येची आता कॉलेजात सोय झाली आहे. माझी भाची पुण्यात आमच्याकडे राहून मास मीडिया शिकते. (म्हणजे नेमकं काय, हे मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी "मामा, तू चहा घे" असं उत्तर मिळालं.) तिला कॉलेजातून काम मिळालं, एका काल्पनिक सिनेमासिकाचं, म्हणजे सिनेमाच्या मासिकाचं, मुखपृष्ठ करून आणायचं. अट अशी की, फोटो स्वतः काढलेला हवा. इंटरनेटवरून उचललेली नटी चालणार नाही. शिवाय प्रत्येक निवडीचं कारण लिहून द्यायचं. हाच टाइप का? हाच रंग का? चेहरा मधोमध का? आमच्या वेळी मुलगी पसंत करतानासुद्धा इतकी कारणं कुणी विचारत नसे.

नाव तिने ठेवलं 'रीळ'. सिनेमाचं हजार फुटी रीळ पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटं चाले, आणि बदलताना ऑपरेटरचा हात चुकला तर सगळं थिएटर शिट्ट्या मारी. आता सिनेमा हार्ड डिस्कवरून येतो आणि शिट्ट्या मारायला कारणच उरत नाही. "पण मामा, रीळ गेलं तरी रील आलं ना!" मोबाइल दाखवत भाची म्हणाली. 'ळ'चा 'ल' झाला आणि अकरा मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर आलं, एवढाच काय तो फरक.

नाव सगळ्यात वर का, याचं कारण मात्र मलाच ठाऊक होतं आणि ते मी घसा खाकरून सांगितलं. पेपरवाल्याच्या स्टॉलवर मासिकं दोरीला चिमट्याने लटकतात, नाहीतर पायऱ्यांसारखी एकावर एक रचलेली असतात. दिसते ती फक्त वरची चार बोटं जागा. तेवढ्यात ओळख पटली तर पटली. "थांब, हे लिहून घेते," असं ती म्हणाली. शिक्षणक्षेत्रातलं माझं कार्य ते एवढंच.

मग प्रश्न आला चेहऱ्याचा. पूर्वी चेहरे रंगवायला चित्रकार होते. बाबूराव पटेलांनी १९३५ साली काढलेल्या 'फिल्मइंडिया'ची मुखपृष्ठं एस. एम. पंडितांनी रंगवली. दिवाळी अंकांना दलाल आणि मुळगावकर होते. आत काय छापलंय ते न बघता लोक चित्रावरून अंक घेत. १९५२ साली 'फिल्मफेअर' निघालं, तेव्हा पहिल्या अंकावर कामिनी कौशल होती. १९७१च्या ऑक्टोबरात 'स्टारडस्ट' आलं ते राजेश खन्नाच्या गुपचूप लग्नाबद्दल प्रश्न विचारतच. विधान केलं की वकील लागतो. प्रश्न विचारला की नुसतं कुतूहल! प्रश्नचिन्ह हा मुखपृष्ठाचा दागिना झाला, तो यामुळे.

आमच्या घरात नटनट्या नसल्यामुळे पहिली पाळी माझी आली. मी दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला आणि गॅलरीत उभा राहून दूर क्षितिजाकडे पाहिलं. क्षितिजाच्या जागी समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी होती, पण नटाला कल्पनाशक्ती लागतेच. भाचीने बावीस फोटो काढले. ते बघून ती हळूच म्हणाली, "मामा, तू गॅस सिलिंडरची वाट बघतोयस असं वाटतंय."

एवढ्यात आमच्या कुटुंबाने "जेवायला बसताय की नाही?" असं विचारत गॅलरीत डोकं घातलं. भाचीने बटण दाबलं.

तो फोटो अपघातानेच निघाला, पण त्यात मामी सरळ भिंगात बघत होती. मुखपृष्ठावरच्या माणसाने रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं पाहिजे, तरच तो थबकतो, हे त्यांच्या पुस्तकातलं पहिलं कलम. आणि त्या नजरेपुढे थबकल्याशिवाय पुढे गेलेला माणूस गेल्या तीस वर्षांत तरी माझ्या माहितीत नाही.

फोटो ठरला तसा अंकाचा विषयही ठरला. भाचीने ठळक अक्षरांत ओळ घातली, 'चाळिशीनंतर नायिका जाते कुठे?'

"स्वयंपाकघरात," मामी म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पण प्रश्न खोटा नव्हता. १९५७च्या 'मदर इंडिया'त नर्गिस आई आणि सुनील दत्त मुलगा. दोघांचा जन्म १९२९च्या जूनमधला, अंतर पाच दिवसांचं! पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. १९७५च्या 'दीवार'मध्ये अमिताभ बच्चनची आई झालेल्या निरूपा रॉय त्याच्यापेक्षा अवघ्या अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. नायक पन्नाशीतही कॉलेजात नाव घालतो आणि नायिकेच्या हाती मात्र गाजराचा हलवा देतात. भाचीला राग आला होता तो याचा.

आता अक्षरांची अडचण. इंग्रजी मासिकांत नटाचं डोकं नावाच्या अक्षरांवर येतं. एखादं अक्षर अर्धं झाकलं तरी वाचणारा ओळखतो, आणि फोटो कागदातून बाहेर आल्यासारखा वाटतो. भाचीने तेच केलं. मामीचा अंबाडा नेमका 'री'च्या वेलांटीवर आला, वेलांटी गडप झाली आणि मासिकाचं नाव झालं 'राळ'!

"काय वाईट आहे?" मी म्हणालो. "सिनेमाची मासिकं राळच उडवतात."

पण यात शिकण्यासारखं होतं. रोमन लिपीचं डोकं झाकलं तर शोभा येते. देवनागरीचं डोकं झाकलं तर अर्थ जातो. आपला निम्मा अर्थ शिरोरेघेच्या वर राहतो. शेवटी भाचीने फक्त वेलांटी अंबाड्याच्या पुढे आणली आणि बाकीचं अक्षर मागे ठेवलं. वेलांटी अंबाड्यावर गजऱ्यासारखी बसली.

नावाला रंग दिला तो मामीच्या इरकलीच्या काठाचा. फोटोतलाच रंग अक्षरांना दिला की पान एकजीव दिसतं म्हणे. संगणकावर तो लालभडक होता, छापून आला तो विटकरी. दुकानदार शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचा रंग उजेडाचा, माझा शाईचा." त्याच्याकडे चारच शाया : निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. किरमिजी आणि पिवळी भरपूर चढवली, तेव्हा कुठे काठाची अब्रू राहिली.

सगळ्यात अवघड निवड शेवटी आली. भाचीच्या मित्राने मामीच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या दोन मिनिटांत पुसून दिल्या. भाची खवळली. "प्रश्न काय विचारतोय आपण, आणि वर सुरकुत्या पुसतोय?" तिचं तत्त्व बरोबर होतं. पण चेहरा तिचा नव्हता. पन्नाशी उलटलेल्या बाईला आपल्या सुरकुत्या चारचौघांत लावायच्या की नाहीत, हे तत्त्वाने कसं ठरवायचं? आम्ही दोघंही गप्प बसलो. मग भाचीने दोन्ही प्रती छापून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "मामी, तू सांग. तू म्हणशील ती."

मामीने चष्मा लावला. दोन्ही प्रती बराच वेळ पाहिल्या. एकदा स्वतःच्या गालावरून बोटही फिरवलं. सिनेमात अशा वेळी सतार वाजते. आमच्याकडे फ्रिज वाजत होता. मग तिने गुळगुळीत प्रत बाजूला सारली.

"ही माझी धाकटी बहीण दिसते," ती म्हणाली. "आणि तिचं-माझं पटत नाही."

भाचीने रात्री जागून कारणांची वही पुरी केली. नाव वर का, नजर सरळ का, वेलांटी पुढे का, सगळ्याला अर्धं-अर्धं पान. कधीच न विकल्या जाणाऱ्या अंकावर ९७७ने सुरू होणारा बारकोड आणि साठ रुपये किंमत का, यालासुद्धा चार ओळी. फक्त 'सुरकुत्या का ठेवल्या?' या प्रश्नापुढे दोनच शब्द होते : 'मॉडेलने निवडल्या.'

सकाळी मामीने भाजी निवडता-निवडता ती वही वाचली आणि मला विचारलं, "अहो, ही मॉडेल कोण?"