हमरापूरची नरकचतुर्दशी

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलं की आपटा, जिते आणि मग हमरापूर. पेण त्याच्या पुढचं स्टेशन. ३० ऑक्टोबर २०२४ ला संध्याकाळी मावशीकडे जायला हमरापूरला उतरलो. भात पिकून पिवळं पडलेलं, काही खाचरांत कापणी झालेली. गणपतीच्या कारखान्यांत साचे एकावर एक रचून ठेवले होते.

त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते. मुंबईत भुतांचे मुखवटे दुकानांत टांगलेले पाहूनच मी निघालो होतो. मावशीने पहाटे अंधारात उठवलं. तेल, उटणं, कडकडीत पाणी. मग तुळशीपुढे ओलेत्याने उभं राहून डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडलं, ‘गोविंदा’ म्हटलं आणि तो कडू रस जिभेला लावला. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून लावलेली कणकेची पणती अजून ओट्याच्या कडेला होती.

त्या पणतीकडे बघत मावशी म्हणाली, “अरे, पितरं परत जातात ना या दिवसांत, त्यांना वाट दिसायला नको?”

हे तिचं घरगुती मत नव्हे. महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीत चूड पेटवून दाखवण्याचा विधी धर्मशास्त्राच्या ग्रंथांत आहे. त्याला उल्कादान म्हणतात. दारावरच्या आकाशकंदिलाचं नातंही पुष्कळ जण या पितरांशीच जोडतात.

आणि हॅलोवीन? आयर्लंड-स्कॉटलंडकडचे केल्टिक लोक सुगी संपून हिवाळा लागतो त्या रात्री ‘साविन’ हा सण पाळत. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे येतात, असा त्यांचा समज. पुढे ख्रिस्ती पंचांगात १ नोव्हेंबर सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा दिवस झाला. आपल्या वसईत आजही २ नोव्हेंबरला थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत गेल्यावर त्यांना कोरायला मोठा, पोकळ भोपळा मिळाला.

मला सगळ्यांत भावला तो हा भोपळा. तो मूळचा अमेरिकेचाच, आणि आपल्याकडे कित्येक घरांत पितृपक्षाच्या पानात लाल भोपळ्याची भाजी असते. मावशीकडेही असते. समुद्रापलीकडून आलेल्या फळाला आपण पितरांच्या ताटात जागा दिली, तिकडे त्यालाच दिवा केलं. दोन्हीकडे सुगी हाताशी आलेली, दोन्हीकडे घर सोडून गेलेल्यांची आठवण. भीती आणि मुखवटे यांचा बाजार नंतरचा. मूळ गोष्ट गेलेल्या माणसांना जेवू घालण्याची आणि उजेड दाखवण्याची आहे, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून मुलांनी मुखवटे मागितले तर जरूर घेऊन द्या. पण दारावर कंदील चढवताना त्यांना जवळ बोलवा, आजी-आजोबांची, पणजोबांची नावं सांगा आणि हा दिवा त्यांच्यासाठीही आहे, हे सांगायला विसरू नका.