ओला दाणा वर ठेवा

आमच्या कराडात आता दुकान टाकायला गाळा लागत नाही. मोबाईल लागतो, जरा बरा उजेड लागतो आणि थोडी हिंमत लागते. माझ्या वर्गातून शिकून गेलेल्या कितीतरी मुली आज घरातून धंदा करतात. कोणी अबाया आणि ड्रेस मटेरियल विकते, कोणी बिर्याणीचा मसाला, कोणी केक, कोणी मेंदीचे कोन. दर चार-आठ दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो, ‘अस्सलामु अलैकुम टीचर, जरा मराठी बघून द्या ना, पोस्ट टाकायची आहे.’ घरात दखनी, शाळेत उर्दू आणि गिऱ्हाईक मराठी, म्हणून त्या माझ्याकडे येतात. मी काना-मात्रा तपासते, आणि शिक्षकाच्या सवयीने मजकूरही तपासते.

या पोस्टी वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. विकणारी व्यक्ती स्वतःबद्दल पुष्कळ सांगते. पहाटे किती वाजता उठते, मुलांना कसं सांभाळते, किती अडचणींतून वर आली, उमऱ्याला कधी गेली, हे सगळं असतं. पण कापड धुतल्यावर रंग जाईल का, माल परत घेणार का, पार्सलचे पैसे वेगळे का, एवढं मात्र सापडत नाही. किमतीच्या जागी लिहिलेलं असतं, ‘किमतीसाठी डीएम करा.’

लोकांना वाटतं, आपलं आयुष्य उघडं करून दाखवलं की झाली पारदर्शकता. मला वाटतं, गोष्ट नेमकी उलटी आहे. गिऱ्हाइकाला तुमच्या घराची खिडकी उघडी नको आहे, सौदा उघडा हवा आहे.

‘किमतीसाठी डीएम करा’ हे वाचलं की मला बाजारातल्या जुन्या रुमालाची आठवण येते. पूर्वी आपल्याकडच्या कितीतरी बाजारांत भाव तोंडाने बोलला जात नसे. अडत्या आणि व्यापारी एका रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. माल पिकवणारा शेतकरी शेजारीच उभा असे, पण आपल्या मालाची काय बोली झाली हे त्याला कळत नसे. हत्ता पद्धत म्हणत तिला. ही लपवाछपवी मोडावी आणि लिलाव सगळ्यांसमोर मोठ्याने व्हावा, यासाठी बाजार समित्या आल्या. राज्याचा कायदा १९६३ चा. ज्यासाठी शेतकऱ्यांच्या पिढ्या भांडल्या, तो रुमाल आता मोबाईलमध्ये परत आला आहे. एकीला इनबॉक्समध्ये नऊशे सांगायचे आणि दुसरीला, तिचा प्रोफाइल फोटो बघून, बाराशे. दोघींनाही कळत नाही.

आपल्यासाठी हा विषय नवा नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. बाजारात धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर आतला दाणा ओला लागला. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर त्यांनी विचारलं की मग हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि फसवणारा आमच्यातला नाही असं बजावलं. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यातली बारीक गोष्ट बघा. त्यांनी ओलं धान्य विकूच नकोस असं म्हटलं नाही. वर ठेव म्हटलं. ज्याला परवडेल तो कमी भावात बघून घेईल. दोष असणं हा गुन्हा नव्हता, तो ढिगाखाली असणं हा गुन्हा होता.

आजची पोस्ट म्हणजे त्या ढिगाचा वरचा थर.

फिकहमध्ये आणखी एक शब्द आहे, नजश. स्वतःला काही घ्यायचं नसताना, फक्त दुसऱ्याला चढ्या भावात अडकवण्यासाठी खोटी बोली लावणं. हदीसमध्ये याला साफ मनाई आहे. विकत घेतलेले फॉलोअर्स, मावसबहिणींकडून लिहून घेतलेले ‘खूपच छान क्वालिटी, मी तिसऱ्यांदा घेतलं’ असे अभिप्राय, माल पडून असताना ‘फक्त दोन पीस शिल्लक’ अशी घाई, हे सगळं मला नजशच्या घरचं वाटतं. बोली लावणारा खोटा आहे, पण त्याच्यामुळे पैसे खऱ्या माणसाचे जातात.

देशाचा कायदाही याच वाटेने आला आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम सांगतात की एकूण किंमत एका आकड्यात सांगा, माल परत घेण्याच्या अटी सांगा आणि स्वतःच ग्राहक बनून अभिप्राय लिहू नका. ३० नोव्हेंबर २०२३ ला सरकारने ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या चालींची यादी काढली. त्यात खोटी घाई आहे आणि जाहिरात नसल्यासारखी केलेली जाहिरातही आहे. २० जानेवारी २०२३ च्या सूचना तर थेट इन्फ्लुएन्सर मंडळींसाठीच आहेत. पैसे मिळाले, वस्तू फुकट मिळाली, सवलत मिळाली, हॉटेलात राहायला मिळालं, किंवा ज्याची शिफारस करतो तो नात्यातला आहे, तर ते सांगायचं. तेही हॅशटॅगच्या गर्दीत लपवून नाही, सहज दिसेल असं. व्हिडिओत लिहायचं आणि बोलायचंही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षं बंदी येऊ शकते. २०२२ च्या मार्गदर्शक सूचना असंही म्हणतात की दावा ज्या भाषेत, खुलासा त्याच भाषेत. म्हणजे दहा मिनिटं रसाळ मराठीत कौतुक करायचं आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजीत ‘पेड’ लिहायचं, हे चालत नाही.

यावर कोणी म्हणेल, जाहिरात आहे म्हणून सांगितलं तर कोण बघणार? याचं उत्तर आपल्याच भागात आहे. कराडहून रेल्वेने सांगलीकडे निघालं की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथल्या माळावर कारखाना वसवला. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. ते कंपनीचं पत्र होतं आणि ते काही लपवलेलं नव्हतं, कंपनीचं नाव मासिकाच्या नावातच होतं. वाचणाऱ्याला माहीत होतं की बोलतंय कोण. तरी लोकांनी ते वाचलं, पुढे ‘किर्लोस्कर’ म्हणून ते मराठी घराघरांत गेलं. त्याच वाडीतून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. आज ज्याला ब्रँडिंग म्हणतात ते आपल्या शेजारी शंभर वर्षांपूर्वी झालं, पाटी लावून झालं आणि टिकलं.

उलट पाटी न लावता जे होतं तेही बघून ठेवावं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ या नावाने शेअर बाजाराचे धडे देणाऱ्यावर अंतरिम आदेश काढला आणि १७ कोटी २० लाख रुपये जमा करायला सांगितलं. सेबीच्या तपासणीत दिसलं की नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवणाऱ्या या माणसाला जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात स्वतःच्या व्यवहारांत सुमारे २ कोटी ८९ लाखांचा तोटा झाला होता. डिसेंबर २०२५ मध्ये मराठी घरांत परिचित असलेल्या अवधूत साठे यांच्या अकादमीवरही सेबीने अंतरिम आदेश काढला. नफ्याची निवडक उदाहरणं दाखवल्याचा आक्षेप तिथेही आहे. तो आदेश अंतिम निकाल नाही आणि अकादमीला ते आरोप मान्य नाहीत. पण शिकणाऱ्या मुलांनी क्लासची फी भरण्याआधी विचारायचा प्रश्न यातून कळतो. नफा दाखवलात, आता तोटाही दाखवा.

आणि आता थोडं आपल्या घरातलं, जे बोलायला अवघड आहे.

आपल्याकडे माल विकताना दीनही सोबत विकला जातो. नावात ‘सुन्नत’, डब्यावर मशिदीचं चित्र, व्हिडिओच्या सुरुवातीला बिस्मिल्लाह, आणि पुढे कलौंजीच्या तेलाने शुगर मुळापासून जाते असा दावा. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालाने असा व्हिडिओ बघून चूर्ण मागवलं आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांत साखर इतकी चढली की दवाखान्यात भरती करावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, ‘लडका नमाजी था बेटी, झूट कायकू बोलेगा?’

त्या पोराने त्यांना चूर्ण विकलं नव्हतं. स्वतःची दाढी आणि टोपी विकली होती, आणि खालांनी तिची किंमत मोजली. मधुमेह बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधे आणि जादूचे उपाय असं त्या कायद्याचं नाव. पण इथे मला कायद्याच्या आधी अमानत आठवते. लोकांनी दीनवर ठेवलेला विश्वास ही आपल्याजवळची ठेव आहे, भांडवल नाही. शिवाय आपल्यातल्या एकाने फसवलं की त्याचा हिशेब त्याच्या एकट्याच्या नावावर राहत नाही. पुढच्या दहा प्रामाणिक पोरांकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं.

मुली मला एक रास्त शंका विचारतात. ‘टीचर, पारदर्शक म्हणजे चेहरा दाखवायचा का? घराचा पत्ता टाकायचा का?’ अजिबात नाही. कॅमेऱ्यासमोर न येणं हा तुमचा हक्क आहे. घर, मुलं, नवरा, नमाज यांतलं काही दाखवायची गरज नाही. धंद्याचा वेगळा नंबर ठेवा. मात्र किंमत लिहा. कापड सुरतहून आणलं असेल तर ‘हाताने विणलेलं’ म्हणू नका. फोटो तुमच्या मालाचा असू द्या, गुगलवरचा नको. मसाला घरच्या स्वयंपाकघरात बनत असेल तर अन्न सुरक्षा खात्याकडे नोंदणी करा आणि तो नंबर पाकिटावर टाका. परत घेणार नसाल तर आधी सांगा. बहिणीच्या दुकानाचं कौतुक करताना ‘हे माझ्या बहिणीचं दुकान आहे’ एवढं एक वाक्य जोडा. चेहऱ्यावर नकाब असू शकतो, सौद्यावर नको.

शेवटी थोडं गिऱ्हाईक म्हणून आपल्याबद्दल. ‘पहिल्या धुण्यात थोडा रंग जाईल’ असं खरं लिहिणारीकडून आपण पुढे सरकतो आणि ‘शंभर टक्के गॅरंटी’वालीला पैसे पाठवतो. मग सगळेच गॅरंटी लिहायला लागतात. ओला दाणा वर ठेवणाऱ्याचा ढीग तसाच पडून राहिला, तर उद्या तो वर का ठेवेल? म्हणून पुढच्या वेळी कोणी आपल्या मालाची उणीव आपणहून सांगितली, तर तिच्याकडून एक वस्तू नक्की घ्या. आणि खाली अभिप्राय लिहा, खरा.