बाभळीची गाठ

मेकॅनिक्सच्या पेपरात 'वेज'वर मी दोन पानं लिहिली होती. त्याला मराठीत पाचर म्हणतात हे मात्र मला, कॉन्व्हेंटच्या पोरीला, अर्धापूरला आजोबांनी सांगितलं.

घरी गॅस आहे, तरी हिवाळ्यात आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. बाभूळ जळते झकास, पण फोडायला महाबिलंदर! बैलगाडीची चाकं, औतं उगाच नाही तिची करत. आमच्या कुऱ्हाडीचा दांडाही बाभळीचाच. म्हणजे 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ', अगदी शब्दशः.

यंदा आजोबांचा खांदा धरला. डॉक्टरांनी घण उचलायला मनाई केली. "माणूस लावू," बाबा म्हणाले. आजोबा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घण मी घेतला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, हे का पोरीचं काम आहे?" आजोबांनी ओंडका पायाने सरळ केला आणि मला म्हणाले, "पाय फाकवून उभी राहा, नाहीतर पायावर मारून घेशील."

लाकूड सुकताना आकसतं, तोंडावर गाभ्यापासून भेगा पडतात. पाचर त्या भेगेत ठोकायची. ओंडका फारच मोठा असला तर मधे हात घालायचा नाही, आधी कडेच्या ढलप्या काढायच्या. लाकूड रेषेने फाटतं. गाठीपाशी रेषाच वाकतात, म्हणून गाठ टाळायची. हे सगळं पुस्तकात 'ग्रेन' या एका शब्दात उरकलंय.

आता आजोबा बाजेवर बसून नुसत्या आवाजावरून ओरडतात, "दुसरी पाचर लाव!" आणि खांदा शेकत असतात, त्याच बाभळीच्या निखाऱ्यांवर.