एका तलावाचे दोन धनी

जामखेडहून भूमच्या वाटेला लागलात की खर्डा लागते. गावचा भुईकोट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मार्च १७९५ मध्ये पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा येथे भिडल्या. रात्री घोड्यांसाठी पाणी शोधत निघालेली मराठ्यांची लहानशी टोळी एका ओढ्यावर गेली. तेथे निजामाचे लोक होते. अंधारात गोळी सुटली, साऱ्या छावणीत घबराट उडाली आणि निजामअली याच किल्ल्यात येऊन बसला. ठिणगी पडली ती पाण्याच्या काठी!

आज फौजा नाहीत, पण पाण्यावरून गावोगाव ठिणग्या पडतातच. त्या कशा टाळाव्यात, हे पाहायचे तर या ज्वारीच्या मुलखातून थेट पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलखात चला.

तेथे पाऊस तेराशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दुपटीच्या घरात. तरीही जुन्या लोकांनी गावोगाव तलाव बांधले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या कामात मोठे नाव मिळवले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव पाहिलात म्हणजे त्यांची हिंमत कळते. पुढे हे तलाव मालगुजारांचे झाले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि बहुतेक तलाव सरकारकडे आले. मासेमारी मात्र ढीवर समाजाच्या सहकारी संस्था ठेक्याने घेतात.

म्हणजे पाणी एक आणि धनी दोन. पावसाने पाठ फिरवली आणि धान निसवायला आले की शेतकरी म्हणतो, मोरी उघडा. उन्हाळी धान लावले तर मागणी आणखी वाढते. इकडे ढिवराने पावसाळ्यात रोहू, कटला, मृगल यांची बोटुकली सोडलेली असते. त्यांना पाच फुटांच्या आसपास पाणी हवे. पाणी उथळ झाले की तापते, त्यातील प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. एका रात्रीत वर्षाची कमाई जाते. आणि पाणी अडवून धरले तर शेतकऱ्याची लोंबी पोचट राहते. सांगा, चूक कोणाची?

चूक कोणाचीच नाही. पाणी किती आहे हे दोघांना सारखे दिसत नाही, हे खरे दुखणे. त्यावर औषध स्वस्त आहे. मोरीजवळ खोल जागी एक पक्का खांब रोवा. तळापासून दर अर्ध्या फुटावर रंगाने खूण करा. आठवड्यातून एकदा, ठरल्या दिवशी सकाळी, शेतकऱ्यांतला एक आणि मासेमारांतला एक अशा दोघांनी मिळून आकडा वाचावा आणि वहीत लिहावा. पाऊस किती पडला, मोरी कधी उघडली, हेही लिहावे. पावसाळा संपताच ग्रामसभेत एक लाल खूण ठरवावी. पाणी तिच्यापर्यंत उतरले की मोरी बंद!

वही आणखीही बोलते. एप्रिल-मेच्या उन्हाने पाणी आठवड्याला दोन-तीन इंच उतरणारच. मोरी बंद असून त्याहून जास्त उतरले तर पाळीत खेकड्यांची बिळे शोधा, मोरीचे दार तपासा. आणि गाळ चढला की खूण तीच दिसते, पाणी मात्र कमी असते. म्हणून दर उन्हाळ्यात तळही मोजून पाहा.

खर्ड्याकडच्या वाचकांनो, धान आपल्याकडे नाही म्हणून हे सोडून देऊ नका. शेततळ्यात मासे सोडणाऱ्यालाही असा खांब हवाच. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतो. घरातला कणगा किती भरला आहे हे घरची बाई रोज पाहते, म्हणून धान्य पुरते. तळ्याकडे आपण तसे कधी पाहणार?