कड कोण काढतं?

'मॅन ऑफ स्टील' आला 2013 साली. आमच्या डोंबिवलीच्या गँगने लगेच निकाल देऊन टाकला: हॉलिवूडने 'ड्रॅगन बॉल झी' ढापली! हवेत गुद्दागुद्दी, एकेका ठोशासरशी इमारतींच्या आरपार जाणारी माणसं, धुळीचे लोट. दप्तर सोफ्यावर फेकून कार्टून नेटवर्कवर आम्ही रोज हेच बघितलं होतं. त्यातले काही जण आजही लोकलच्या दारात हाच वाद घालतात.

पण 1980 च्या 'सुपरमॅन 2' मध्ये झॉड आणि मंडळी भर शहरात हवेतच भांडतात. अकिरा तोरियामाची 'ड्रॅगन बॉल' सुरू झाली 1984 मध्ये. शिवाय गोकू तरी कोण? नष्ट होणाऱ्या ग्रहाचं बाळ, यानातून पृथ्वीवर पाठवलेलं, इथल्या साध्या माणसाने वाढवलेलं. ही जन्मकथा 1938 पासून एका अमेरिकन हिरोच्या नावावर आहे. नाव, काठी आणि ढग मात्र चिनी वानरराजाचे. माझी आजी टीव्हीसमोरून जाताना 'हा मारुतीच की' म्हणायची. हू शिह या चिनी विद्वानाने 1923 मध्ये साधारण तेच मांडलं होतं. लू शुनना ते पटलं नाही. (व्हॉट्सॲपवर हा वाद केव्हाच निकाली निघालाय, अर्थात आपल्या बाजूने.)

आम्ही ऑफिसात 'गिट ब्लेम' मारतो आणि कोडची कुठली ओळ कोणाची ते कळतं. सिनेमात तशी सोय नाही, म्हणून जिथे कबुली आहे तिथेच मी ठामपणे बोलतो. 'मेट्रिक्स'च्या निर्मात्याला वाचोव्स्कींनी 'घोस्ट इन द शेल' दाखवला आणि हेच खऱ्या माणसांना घेऊन करायचंय, असं सांगितलं. 2018 च्या 'स्पायडर-व्हर्स'मध्ये तर पेनी पार्कर सरळ ॲनिमेच्या शैलीतच काढलीय. बाकी बरंचसं साम्य आहे, पुरावा नाही.

मला दुसरीच गोष्ट जास्त छळते. आमच्यातला एक जण शाळेत वहीच्या मागच्या पानांवर सुपर सायनचे उभे केस काढायचा. मी सीईटीच्या क्लासला गेलो, तो ठाण्यात ॲनिमेशनच्या कोर्सला. आता तो मुंबईत एका स्टुडिओत रात्रपाळीत रोटो करतो. सुपरहिरोच्या मागे तेजाचा भडका बसवायचा, तर आधी त्या नटाला मागच्या दृश्यापासून कापून वेगळं काढावं लागतं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये 120 वेळा त्याच शरीराची कड तपासायची. सगळ्यात वाईट म्हणजे केस. वाऱ्यावर उडणारी बट फ्रेमगणिक आकार बदलते. प्रभाव जपानहून हॉलिवूडला गेला की नाही यावर आम्ही भांडतो, आणि गोकूचे केस गिरवून बसलेला हात तिकडच्या हिरोच्या केसांवरून रोज फिरतो.

सिनेमा कुठला, हे तो सांगत नाही. करारात लिहिलंय. पडद्यावरच्या नामावलीतही त्याचं नाव अजून आलेलं नाही. मला तेव्हा 1992 चं जपानी 'रामायण' आठवतं. त्यावर युगो साको, कोइची सासाकी यांच्या बरोबरीने राम मोहन यांचं नाव दिग्दर्शक म्हणून आहे. 1956 मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागलेला हा माणूस. देवाणघेवाण होती, पण कोणी काय दिलं ते पाटीवर लिहिलेलं होतं. मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, ते दिग्दर्शक होते. मी रोटो आहे."

गेल्या दिवाळीत त्याच्या घरी फराळाला गेलो होतो. तो आत झोपलेला. काकूंनी हळूच विचारलं, "हा रात्रभर नक्की करतो काय रे?" मी जमेल तसं समजावलं. दारातल्या रांगोळीकडे बघत त्या म्हणाल्या, "म्हणजे कड काढतो. मग रंग कोण भरतं?"

"ते लंडनला भरतात, काकू."