कात्री, कागद आणि मोकळी जागा



संकल्पचित्र म्हणजे चौकोनांत फुलें-पानें दाटीनें भरणें, असा पुष्कळांचा समज असतो. एखादा कोपरा मोकळा राहिला कीं विद्यार्थी अस्वस्थ होतो व तेथें आणखी एक पाकळी कोंबतो. माझ्या मतें संकल्पचित्राचा खरा पाठ त्या मोकळ्या कोपऱ्यांतच आहे, आणि तो पेन्सिलीपेक्षां कात्री लवकर शिकविते.

पेन्सिलीची रेघ खोडतां येते. कात्रीचा छेद खोडतां येत नाहीं. म्हणून हात चालविण्यापूर्वीं विचार करावा लागतो. शिवाय खर्च अल्प. गिरणा व पांझरा यांच्या कांठच्या खेड्यांतून येणाऱ्या ज्या मुलांस रंगपेटी परवडत नाहीं, त्यांसही एक काळा कागद, एक पांढरा कागद व थोडी खळ मिळूं शकते.

पहिला पाठ घडीचा. घडीवर अर्धें पिंपळपान कापून कागद उलगडला कीं पूर्ण पान हातीं येतें, ही सममिति. अनेक घड्या घालून कापलें तर एकच आकार ओळीनें उमटतो, ही पुनरावृत्ति. पुढें वाऱ्यानें फाटलेलें केळीचें पान समोर ठेवावयाचें. त्याच्या चिरा समान अंतरावर नसतात, तरी डोळ्यास ठेका जाणवतो, हीच लय.

शेवटचा पाठ काळ्या-पांढऱ्याच्या मेळाचा. जपानींत यास ‘नोतान’ म्हणतात. अमेरिकेंतील कलाशिक्षक आर्थर वेस्ली डो यांनीं १८९९ सालच्या ‘कॉंपोझिशन’ या पुस्तकांत त्यास महत्त्वाचें स्थान दिलें. काळ्या चौरसाच्या कडेपासून आकार कापावयाचा व तो त्याच कडेच्या बाहेर उलटा चिकटवावयाचा. नियम एकच : कांहीं टाकावयाचें नाहीं, बाहेरून कांहीं आणावयाचें नाहीं.

एके वर्षीं वर्गांत एक मुलगा होता. खोडून खोडून त्याच्या कागदास भोंक पडे. “सर, माले चित्र येस नही,” असें तो आपल्या अहिराणींत सांगे व हात बांधून बसे. या पाठांत त्यानें पोळ्याच्या बैलाचीं शिंगें कापलीं व बाहेर उलटून लाविलीं. “शिंगें बाहेर गेलीं, मग आंत काय राहिलें?” असें मीं वर्गास विचारलें. इतर गप्प राहिले. तो मात्र म्हणाला, “तीं बी शिंगेंच शेतस, पांढरीं.” तत्त्वाचें इतकें स्वच्छ विवरण मला कोणत्याही पुस्तकांत आढळलें नाहीं. पुढें त्यानें हात बांधले नाहींत.

हा बालांचा खेळ नव्हे. १९४१ मधील शस्त्रक्रियेनंतर चालणें-फिरणें कठीण झालें असतां फ्रान्सचे चित्रकार आंरी मातीस यांनीं कात्रीस आपलें मुख्य साधन केलें. त्यांचा ‘जाझ’ हा संग्रह १९४७ सालीं निघाला. आपल्या जवळच्या अजिंठ्यास सहलीस जाल तेव्हां भिंतींबरोबर छतेंही पाहा. तेथें कमळें व हंस यांच्याभोवतालची जागा आकृतींइतकीच विचारपूर्वक आखलेली आहे.

“कागद कापून पोट भरतें काय?” असें पालक विचारतात. कापड बेतणारा शिंपी, पाटी रंगविणारा रंगारी, पान जुळविणारा मुद्रक यांस विचारा. काय ठेवावें व काय सोडावें, या निर्णयावरच त्यांची भाकरी आहे.

येत्या दिवाळीस आकाशकंदील किंवा नाताळांत तारा करण्यास कागद कापाल, तेव्हां खालीं पडलेला तुकडा केरांत टाकण्यापूर्वीं एकदां उचलून पाहा.