खुजेपणाचीं दोन कारणें

मूर्ति लहान पण कीर्ति महान, असें आपण म्हणतों. परंतु त्या म्हणींतल्या 'पण' या शब्दांतच आपल्या मनाची खरी अढी लपलेली आहे. लहान मूर्तीला कीर्ति लाभावी याचें आपल्याला आंतून नवल वाटत असतें. उंची मोजायला सोपी, म्हणून तिच्यावरूनच योग्यता ठरविण्याचा मोह होतो. हा मोह ज्यांना आवरायचा असेल त्यांनीं उंच पर्वतांच्या माथ्यावरील आणि उत्तर ध्रुवाकडच्या टंड्रा प्रदेशांतील झुडपांची थोडी ओळख करून घ्यावी, असें मी सुचवीन.

आपल्याकडे नदीकांठीं वाळुंज नांवाचा वृक्ष वाढतो. त्याच्याच गोत्रांतला एक विलो आल्प्सच्या माथ्यावर, स्कँडिनेव्हियांत आणि ग्रीनलंडांत आढळतो. त्याची उंची १ ते ६ सेंटिमीटर! इ. स. १७३२ मध्यें लॅपलंडचा प्रवास करणाऱ्या लिनियसनें त्याला सर्व वृक्षांत लहान म्हणून गौरविलें आहे. त्याच्या फांद्या जमिनीखालून सरपटतात आणि वर दिसतात तीं केवळ दोनचार वाटोळीं पानें. हा कांहीं विनय नव्हे. हा रोकडा व्यवहार आहे. ऊन पडलें कीं भुईलगतची हवा वरच्या हवेपेक्षां ऊबदार होते, वारा तेथें मंदावतो, आणि हिवाळ्यांत बर्फाची दुलई अंगावर येते. जी फांदी या दुलईबाहेर डोकें काढते, तिला वारा सुकवितो आणि उडते हिमकण खरवडून काढतात.

परंतु एकाच जातीचीं सगळीं झुडपेंही सारखीं नसतात. एकाच उतारावर खळग्यांतलें झुडूप थोराड, तर वाऱ्याच्या तोंडीं असलेलें बारीक पानांचें. हा फरक जागेचा कीं कुळीचा? नुसतें पाहून याचें उत्तर मिळत नाहीं. तें मिळवायचें तर जागा बदलून पाहावी लागते.

केर्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १८७५ सालीं टायरोलमधील ब्लाझर पर्वतावर सुमारें २२०० मीटर उंचीवर बाग केली आणि तेथें सपाटीवरच्या वनस्पतींचें बीं पेरलें. रोपें खुजीं झालीं. पण त्यांचेंच बीं पुन्हां खालीं पेरतांच पुढची पिढी पूर्वीसारखी उंच वाढली. खुजेपणा जागेचा होता. फ्रान्समधील गास्तों बोनिए यांचा दावा मात्र असा, कीं उंचावर नेलेली जात कालांतरानें खरोखर डोंगरी जातच बनते. पुढच्या प्रयोगांपुढें तो टिकला नाहीं.

याची दुसरी बाजू अलास्कांत दिसली. ड्रायस हें पांढऱ्या, आठ पाकळ्यांच्या फुलांचें भुईसरपट झुडूप. उघड्या माथ्यावर त्याचीं पानें लहान, आणि बर्फ सांचणाऱ्या खळग्यांत मोठीं. मॅकग्रॉ आणि अँटोनोव्हिक्स या संशोधकांनीं दोन्हींची अदलाबदल केली. त्याचा वृत्तांत १९८३ मध्यें प्रसिद्ध झाला. परक्या जागीं पानें थोडीं बदललीं, पण तेथल्या रहिवाशांसारखीं झालीं नाहींत. प्रत्येक कुळी आपल्याच घरीं अधिक तगली. येथें लहानपण रक्तांत मुरलेलें होतें.

मला यांत मोठा बोध वाटतो. एखादें मूल मागें पडलें कीं आपण त्याला चटकन ठोंब्या म्हणून मोकळे होतों. पण त्याची जागा एकदां तरी बदलून पाहिली काय, हें स्वतःला विचारीत नाहीं. याच्या उलट, ज्याची घडणच निराळी आहे त्याला ओढूनताणून उंच करण्यालाही आपण उपकार समजतों. माथ्यावरचें ड्रायस कोणाच्या दयेवर जगत नाहीं. खळग्यांतलें थोराड झुडूप तेथें नेलें तर तें टिकाव धरीत नाहीं.

आतां मात्र या झुडपांची जागा कोणी न उचलतांच बदलत आहे. अलास्काचीं १९४८ ते १९५० च्या सुमारास विमानांतून घेतलेलीं छायाचित्रें अर्धशतकानंतरच्या छायाचित्रांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां बर्च, विलो आणि आल्डर यांचीं झुडपें वाढलेलीं व पसरलेलीं आढळलीं. २०१८ मध्यें ११७ ठिकाणांच्या सुमारें तीन दशकांच्या मोजणींतूनही हेंच निघालें, कीं वाढत्या उष्णतेबरोबर टंड्रांतील वनस्पतींची उंची वाढत आहे. उंच जातींचा शिरकाव हें त्याचें एक प्रमुख कारण. जीं परिस्थितीनें खुजीं होतीं त्यांचे हे सुखाचे दिवस. पण जीं कुळीनेंच खुजीं आहेत त्यांच्यावर शेजाऱ्यांची सावली पडत आहे, आणि सावलींत उंच होण्याची विद्या त्यांच्या पूर्वजांनीं त्यांना दिलेली नाहीं.

ग्रीनलंडांत आर्क्टिक विलोचीं दोनशें वर्षांहून अधिक वयाचीं झुडपें सांपडलीं आहेत. आपल्याकडे पेशवाई मावळत होती त्या सुमारास रुजावें, आणि आजही पानें धरावींत, एवढें हें आयुष्य! ज्या थंडीसाठीं त्या झुडपाची घडण झाली, ती थंडीच आतां ओसरत आहे. तें आपलें घर सोडून कोठें गेलेलें नाहीं. घरच त्याच्या मुळांखालून निघून चाललें आहे.